बिननावाचं उत्तर

१

फलकावर वेल्को ओर्लो निवाऱ्यात होता, आणि ओर्लो निवाऱ्यात वेल्को नव्हता.

"माळा पाहिला, सरपणाची खोली पाहिली, खाटांखाली वाकून पाहिलं," निवाऱ्याचा राखणदार स्पास रेडिओवरून खरखरत्या आवाजात सांगत होता. "तुझा बाप इथं नाही, झोरा. आज माझ्या उंबऱ्याला त्याचा बूट लागलेला नाही."

"पण फलक सांगतोय, तिथंच आहे म्हणून!"

"मग फलकालाच विचार, कुठल्या खोलीत आहे ते."

झोराने भिंतीकडे पाहिलं. क्रुशिना गावाच्या बचावपथकाची खोली पूर्वी शाळेचा वर्ग होती; फळ्याच्या जागी आता मोठा पडदा होता. डोंगरात जाणारा प्रत्येक माणूस मनगटाला पथकाचा पट्टा बांधतो. वरच्या प्रत्येक निवाऱ्यात एक डबा बसवलेला असतो, तो आसपासचे पट्टे ऐकतो. गावातला संगणक एकेका डब्याला आळीपाळीने विचारत जातो, तुझ्यापाशी कोण आहे? डबे सांगतात, आणि ते पडद्यावर ओळीओळीने उमटतं.

वेल्को. ओर्लो. हालचाल नाही. शेवटी पट्ट्याची ऊब. आणि ती उतरत होती.

सकाळी झोरानेच बाबांच्या मनगटावर पट्टा आवळला होता. शेजारी मार्च लागताना शकुनाचा म्हणून बांधलेला लाल-पांढरा दोरा होता. वाऱ्याने कललेले वाटेवरचे खांब सरळ करायला तो निघाला होता. "घेवड्याचं सूप चुलीवर असू दे," एवढंच म्हणाला होता. मग धुकं उतरलं. असं उतरलं की कुणी डोंगरावर दुधाचं भांडं उपडं करावं आणि तळाशी काय बुडालं ते कुणालाच दिसू नये.

पथकाची प्रमुख नेवेना रेडिओवर वाकली. उंच, रुंद हाडाची बाई; तिचा आवाज दरीपलीकडे ऐकू जायचा, पण आज ती हळू बोलत होती. "स्पास, माझी दोन माणसं पोचली का तुझ्याकडे?"

"पोचली. तीही बाहेर बर्फात काठ्या खुपसून बघतायत."

"काठ्या कशाला?" झोराने विचारलं.

नेवेना पडद्याकडे वळली. पडद्यावर स्पासची ओळ लुकलुकली, पथकाच्या दोघांच्या ओळी लुकलुकल्या. मग क्षणभर पडदा अडखळला. मग बाबांची ओळ लुकलुकली, एकटीच. मग कामेन निवाऱ्यातली माणसं.

ओळ ताजी होती, म्हणजे पट्टा आत्ता, या घडीला बोलत होता. फक्त पट्टा बांधलेला माणूस कुठेच नव्हता.

२

"हे बघ," नेवेनाने झोराला खिडकीशी नेलं. "स्पासच्या मनगटावरही पट्टा आहे. तोही ओर्लोत. त्याची ऊब बघ आणि वेल्कोची बघ. एकाच छताखाली एक माणूस चुलीपाशी आणि दुसरा असा गार कसा पडेल?"

झोराने दोन्ही ओळी वाचल्या. "छताखाली नसेल तर?"

"तेच म्हणतेय मी. भिंतीच्या पलीकडे असेल. बर्फाखाली." नेवेनाने ओठ घट्ट मिटले. "आणि स्पास त्याच्याशी गेल्या वर्षापासून बोलत नव्हता, हे गावातली कोंबडीसुद्धा सांगेल."

खरं होतं. वेल्कोने गेल्या वर्षी खांबांची ओळ वळवून कड्यापासून लांब नेली. वाट सुरक्षित झाली, पण ओर्लोला वळसा घालून जाऊ लागली. स्पासच्या चुलीवरचा चहा उकळून उकळून आटायला लागला, प्यायला माणूस येईना. हॉटेलात एकदा स्पास सगळ्यांदेखत ओरडला होता, "वेल्को, तुझे खांब एक दिवस तुझ्याच छातीत रोवीन!"

झोराने रेडिओ हातात घेतला. शहरात ती दिवसभर बसून संगणकाचे प्रोग्रॅम लिहायची, लोकांच्या चुका शोधून काढायची. पण अशी चूक, जिच्या टोकाला आपला बाप आहे, तिने कधी शोधली नव्हती.

"स्पासकाका, एक विचारू?"

"तू विचारतेस, की ती नेवेना तुझ्या तोंडातून विचारतेय?"

"मीच विचारतेय. बाबा आणि तू आज भेटलात?"

स्पास म्हणाला, "अच्छा. म्हणून काठ्या खुपसतायत होय. मला वाटलं, शोधतायत. हे तर पुरलेलं उकरतायत."

"काका, तसं नाही..."

"तसंच आहे! मी वेल्कोला शिव्या दिल्या. हजारदा दिल्या. आज तो दारात आला असता तरी आधी चहा दिला असता आणि मग शिव्या दिल्या असत्या. तुमचा डबा म्हणतो तो इथं आहे? घ्या तुमचा डबा! उपटतो मी त्याची वायर!"

"स्पास, हात लावू नकोस!" नेवेना ओरडली.

पडद्यावर स्पासची ओळ करडी पडली. पथकाच्या दोघांच्या ओळी करड्या पडल्या. ओर्लोचा कान बंद झाला होता.

मग पडदा अडखळला. आणि वेल्कोची ओळ पुन्हा लुकलुकली, हिरवी, ताजी.

वेल्को. बेली. हालचाल नाही.

बेली निवारा दरीच्या पलीकडच्या धारेवर होता. पायी जायचं तर अर्धा दिवस. न हलणारा माणूस डोळ्याचं पातं लवायच्या आत दरी ओलांडून गेला होता.

३

कोपऱ्यात चहा ओतणाऱ्या बाईने छातीवर क्रूसाची खूण केली. "गेला तो," ती पुटपुटली. "असं जिवंत माणूस फिरत नाही."

"गप्प बस!" नेवेनाने दटावलं, पण तिचाही रंग उतरला होता. तिने बेलीला हाक दिली. बेलीच्या राखणदाराने सगळं घर पाहिलं आणि रडवेल्या आवाजात सांगितलं की इथे तो, त्याची बायको आणि मांजर, एवढंच.

झोराने डोळे मिटले की बाबा दिसायचा; धुक्यातून धुक्यात जाणारा, पाय न हलवता. तिने डोळे उघडे ठेवायचं ठरवलं. भीती पोटात राहू दे, डोक्यात नको.

"पट्टा बिघडलाय," मागून लाचेझार म्हणाला. पथकाचा फलक त्यानेच उभा केला होता. शाळेत झोराच्याच वर्गातला, सगळे त्याला लाचो म्हणायचे. जाड चष्मा, हळवा स्वभाव, कुणाला नाही म्हणता न येणारा. "ओली थंडी आहे ना. पट्टा गोंधळतो. सगळं बंद करून परत चालू करतो मी."

"बंद करू नकोस." झोरा वळली. "लाचो, पट्ट्याला कुठं माहीत असतं तो कुठं आहे ते?"

"म्हणजे?"

"पट्टा एवढंच ओरडतो: मी वेल्को, मी असा गार, मी असा स्थिर. जागा कोण सांगतं?"

लाचोने चष्मा पुसला. "डबा सांगतो."

"कसं?"

"तुला माहीत आहे की."

"ताईलाही कळू दे."

"डब्याचं उत्तर पाकिटासारखं येतं, ताई," तो नेवेनाकडे न बघता म्हणाला. "आत मजकूर असतो, कुणाकुणाचे पट्टे ऐकले त्याचा. आणि पाकिटावर बाहेरून लिहिलेलं असतं की हे कुठल्या निवाऱ्याकडून आलं. त्या बाहेरच्या लिखाणाला आम्ही हेडर म्हणतो. माझी लायब्ररी हेडर वाचते आणि फलकाला देते."

"लायब्ररी म्हणजे पुस्तकांची?"

"नाही ताई. तयार हत्यारांची पेटी समजा. डब्यांना विचारायचं, उत्तर उघडायचं, हे काम करणारी. मी लिहिली, आणि कुणालाही वापरता येईल अशी जगापुढे ठेवली."

झोरा त्याच्या जवळ गेली. "पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल तर? कोरं पाकीट आलं तर तुझी लायब्ररी काय करते?"

"कोरं येतच नाही."

तो इतक्या पटकन म्हणाला की त्याला स्वतःलाही ते ऐकू आलं असावं. चष्मा पुसून झाला होता, तरी तो पुसत राहिला.

"फलकावर कोरं दिसलं की लोक घाबरतात," तो पुढे म्हणाला. "त्यांना काहीतरी दिसायला हवं. म्हणून... म्हणजे... कोरं येतच नाही, झोरा."

झोराने त्याची खुर्ची ओढली आणि संगणकापुढे बसली. तिने एक खोटं पाकीट बनवलं, वर बेलीचं नाव. लायब्ररीला दिलं. "बेली," लायब्ररी म्हणाली. मग दुसरं बनवलं, वर काहीच नाही. लायब्ररीला दिलं. आता तिने म्हणायला हवं होतं, नाव आलेलं नाही. किंवा अडून बसायला हवं होतं.

"बेली," लायब्ररी शांतपणे म्हणाली.

४

झोरा त्या शब्दाकडे बघत राहिली. नाव नाही म्हणून सांगायचं सोडून पेटीने आधीच्या पाकिटावरचं नाव उचललं आणि नव्यावर चिकटवलं. शेजारणीच्या अंगणातलं लुगडं आपल्या दोरीवर वाळत घालावं, आणि विचारलं तर म्हणावं, हे माझंच.

म्हणजे बाबा उडाला नव्हता, फक्त नाव उडालं होतं.

पण मग ते कोरं पाकीट कुणाचं? तिने संगणकाच्या फेरीत येणारे निवारे एकेक करून तपासले. प्रत्येकाची माणसं आपापल्या नावाखाली होती. बेलीची बेलीत, कामेनची कामेनात. बिननावाचा कुणीच उरत नव्हता. ज्याने बाबांना ऐकलं तो निवारा जणू डोंगरावर अस्तित्वातच नव्हता.

तेवढ्यात रेडिओत घंटा वाजली. दूरची, ओली, धुक्यात गुंडाळलेली.

"हे काय?" नेवेनाने विचारलं.

"मी वाजवतोय," स्पास म्हणाला. राग ओसरला होता, आवाज म्हातारा झाला होता. "तो बाहेर कुठं असेल तर ऐकेल. बेलीलाही सांगितलंय. फेरी लावतोय आम्ही, जुन्या पद्धतीची."

क्रुशिनात डबे यायच्या आधी घंटा होत्या. धुकं उतरलं की एक निवारा वाजवायचा, त्याचा नाद विरला की पुढचा, मग त्यापुढचा. वाट चुकलेला माणूस दोन नादांच्या मधून आपलं पाऊल शोधायचा. फेरीचा क्रम चुकू नये म्हणून मुलांना तिचं गाणं पाळण्यापासून पाठ असायचं. झोराच्या ओठांवर ते आपोआप आलं:

बेली देते साद गं, ओर्लो देतो हाक,
सुहोदोल म्हणे, वारा मोठा, डोकं खाली वाक,
कामेन म्हणे, उजेड इथं, भीती मागे टाक.

रेडिओत बेलीची घंटा विरली. ओर्लोची वाजली, विरली. मग शांतता. लांब, पोकळ शांतता. मग कुठूनतरी कामेन.

"स्पासकाका," झोराने विचारलं, "तुझ्यानंतर एवढं का थांबला कामेन?"

"सवय," स्पास म्हणाला. "माझ्यानंतर सुहोदोलची पाळी होती. आता तिथं घंटा नाही, माणूस नाही. पण कामेनचा म्हातारा अजून तेवढं थांबतो. मेलेल्याची पाळी खाऊ नये म्हणतो."

झोराने पडद्याकडे पाहिलं. बेलीच्या ओळी लुकलुकल्या. ओर्लोच्या करड्या. मग पडदा अडखळला. त्या अडखळण्यात, एकटीच, बाबांची ओळ.

मग कामेन.

पडदाही तेवढाच थांबत होता. पडदाही कुणाची तरी पाळी राखून होता.

"ताई," ती म्हणाली, "सुहोदोलचा निवारा फलकावर का नाही?"

नेवेनाच्या हातातला पेला बशीवर वाजला.

५

"कारण तो मी काढायला लावला," नेवेना म्हणाली. "सुहोदोलच्या उतारावर बर्फ धरत नाही. माझा भाऊ तिथं गेला, यावोर. बर्फाचा कडा सुटला आणि त्याच्यावर आला. फलकावर नाव असलं की लोकांना वाटतं निवारा उघडा आहे, आणि जातात. म्हणून म्हटलं, नाव पुसा, डबा काढा. लाचोने काढला."

"लाचो?" झोराने हाक मारली.

लाचो दाराशी उभा होता. एक हात कडीवर, पण कडी उघडण्याचं बळ त्या हातात नव्हतं.

"नाव पुसलं," तो म्हणाला.

"आणि डबा?"

त्याचा हात कडीवरून निसटला.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," झोरा म्हणाली. "तू डबा काढायला गेलास, आणि काढवेना तुला. उद्या कुणी अडकलं तर निदान ऐकू तरी यावं, असं वाटलं. पण ताईला नाव दिसलं असतं तर तिने तुझी कातडी सोलली असती. म्हणून डब्याला एवढंच शिकवलंस की पाकिटावर नाव लिहू नकोस. मग कोरी पाकिटं यायला लागली आणि तुझा फलक कोसळून बंद पडायला लागला. बरोबर?"

"रोज कोसळायचा," लाचो पुटपुटला.

"म्हणून लायब्ररीला सांगितलंस, नाव नसेल तर गप्प बस, आधी जे होतं तेच राहू दे. आणि तिथं कुणी जातच नव्हतं, म्हणून खोटं कधी उघडं पडलं नाही. आजपर्यंत."

"मला वाटलं, निरुपद्रवी आहे," तो म्हणाला. डोळे भरून आले होते. "आईशप्पथ, झोरा. वाटलं, रिकाम्या डब्यात रिकामं पाकीट, कुणाचं काय जातं."

"कधी कळलं तुला?"

"बेलीत उडाला तेव्हा. तेव्हाच कळलं. जीभच उचलेना. ताई इथं उभी होती, आणि मी... जीभच उचलेना."

नेवेना त्याच्याकडे गेली. झोराला वाटलं, आता ती त्याला मारणार. पण ती त्याच्यासमोर नुसती उभी राहिली, आणि तिचा रुंद खांदा एकदा हलला.

"हे सगळं तर्काचं आहे," ती अखेर झोराकडे वळून म्हणाली. "तुझं डोकं चालतं, मान्य. पण सुहोदोलच्या उतारावर आत्ता, या ओल्या बर्फात माणसं पाठवायची म्हणजे... तुला माहीत नाही तो आवाज कसा येतो. कापड फाटल्यासारखा. मग काहीच नाही. तुझ्या अंदाजावर मी दुसऱ्याचे भाऊ तिथं घालू?"

"घालू नकोस. आधी माझा अंदाज मोडून बघ." झोराने रेडिओ उचलला. "ताई, मी आत्ताच सांगून ठेवते. काकाने डब्याची वायर परत जोडली की बाबा बेलीतून निघून ओर्लोत येईल. तो खरंच बेलीजवळ असेल तर तिथून हलणार नाही. आणि ओर्लोजवळ असता तर मघाशी काकाबरोबर त्याचीही ओळ करडी पडली असती. कान बंद झाल्यावरही जो ऐकू येतो, तो त्या कानाजवळ नव्हताच. तो तिसऱ्याच कानाजवळ आहे, आणि त्या कानाला नाव नाही. फेरीत जो त्याच्या आधी बोलतो त्याचं नाव त्याला लागतं."

मग रेडिओत: "स्पासकाका, वायर जोड. तुला जे बोलले त्याची माफी नंतर मागते, आत्ता वायर जोड."

"माफी काय खायची आहे? जोडली."

स्पासची ओळ हिरवी झाली. पथकाचे दोघे हिरवे झाले. पडदा अडखळला.

वेल्को. ओर्लो. हालचाल नाही. ऊब आणखी उतरलेली.

नेवेनाने डोळे मिटले, उघडले. "स्पास," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज पुन्हा दरीपलीकडे जाईल असा झाला, "दोर काढ. माझ्या दोघांना बांध, स्वतःलाही बांध. सुहोदोलला उतारावरून नाही जायचं, वरच्या धारेने जायचं, खडक धरून, एकमेकांत अंतर ठेवून. कापड फाटल्यासारखं ऐकू आलं तर खडकाला चिकटा."

"सुहोदोलला?" स्पासने विचारलं. "वेल्को तिथं आहे?"

"आहे."

"मूर्ख माणूस," स्पास म्हणाला. त्याचा रेडिओ खांद्याला अडकवल्याचा खडखडाट ऐकू आला. "निघालो."

६

झोराने लायब्ररीत हात घातला. आधीच्या पाकिटावरचं नाव उचलायची ती ओळ काढून टाकली आणि लिहिलं: नाव आलं नसेल तर नाव आलं नाही असंच सांग.

पडद्यावर बाबांची ओळ बदलली. वेल्को. ठिकाण आलेलं नाही.

"अगं बाई," चहावाली दचकली. "आता तर काहीच दिसत नाही!"

"हो," झोरा म्हणाली. "खरं एवढंच आहे."

ती रिकामी जागा फार भयंकर होती. मघाशी तिथे नाव होतं, खोटं का असेना, डोळ्याला टेकायला काहीतरी होतं. आता तिथे डोळा ठेवला की दरीत पाय घातल्यासारखं व्हायचं. लाचोने ती जागा लोकांना का दाखवली नसेल, ते तिला त्या क्षणी नीट कळलं, आणि कळल्यामुळे त्याचा राग आणखी आला.

रेडिओत श्वास ऐकू येत होते. बुटांखाली बर्फ करकरत होतं. मधेच स्पास कुणाला तरी म्हणायचा, "तो दगड नको, हलतोय." मग पुन्हा श्वास. बेलीची घंटा सुरू होती, कामेनची सुरू होती, आणि मधली शांतता आता त्यांच्या पावलांनी भरली होती.

मग एक आवाज आला. कापड फाटल्यासारखा.

नेवेनाने झोराचं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. रेडिओत घोंगावल्यासारखं काहीतरी गेलं, जवळून, खालून, मोठं होत, लहान होत. मग काहीच नाही.

"स्पास," नेवेना म्हणाली. "स्पास, बोल."

काहीच नाही.

"स्पास!"

लाचो भिंतीला टेकून खाली बसला होता. चहावालीचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. झोरा पडद्याकडे बघत होती. पडदा अडखळला, बाबांची ओळ लुकलुकली. आणि तिच्याखाली आणखी तीन ओळी लुकलुकल्या.

स्पास. ठिकाण आलेलं नाही. पथकाचे दोघे. ठिकाण आलेलं नाही.

"ताई," झोरा कुजबुजली. "ताई, बघ. तिघांनाही त्याच कानाने ऐकलं. पोचले. पोचले ते!"

रेडिओ खरखरला. "उतार गेला सगळा," स्पास धापा टाकत म्हणाला. "आम्ही वर होतो. खिडकीतून आत शिरतोय... थांबा." काहीतरी आपटलं. एक फळी मोडली. बराच वेळ नुसत्या धापा. मग दुसऱ्याच कुणाचा तरी क्षीण, चिडलेला आवाज, लांबून: "तू? अख्ख्या डोंगरात दुसरं कुणी मिळालं नाही यांना?"

"ऐकलंत?" स्पास म्हणाला, आणि तो हसतोय की रडतोय ते कळेना. "पाय मोडलाय, बोटं निळी आहेत, तोंड शाबूत आहे."

झोरा खाली बसली. बाक कुठे आहे ते न बघताच बसली, आणि जमिनीवर बसली.

स्ट्रेचर गावात पोचलं तेव्हा धुकं विरून दिवस कलला होता. वेल्कोला घोंगड्यांत गुंडाळलं होतं. स्पास स्ट्रेचरचा पुढचा दांडा सोडायला तयार नव्हता, आणि वाटभर दोघं खांबांवरून भांडत आले होते. झोराने वाकून बाबाच्या कपाळाला कपाळ लावलं.

"एवढा वेळ कुठं होतात?" तो म्हणाला. "धुक्यात एकेक खांब धरत निघालो आणि सुहोदोलच्या उतारावर घसरलो. सरपटत आत गेलो तर कोपऱ्यात तुमचा डबा, दिवा लागलेला. त्याला पाठ लावून बसलो. म्हटलं, हा ऐकतोय. येतीलच."

लाचो रुग्णवाहिकेच्या सावलीत उभा होता. वेल्कोने त्याला पाहिलं; वाटेत स्पासने सगळं सांगितलं होतं.

"इकडं ये, लाचो."

लाचो आला. मान खाली.

"तुझ्या डब्याने ऐकलं म्हणून मी आहे," वेल्को म्हणाला. "आणि तुझ्या फलकाने थाप मारली म्हणून या हाताची दोन बोटं डॉक्टर कापणार आहेत. दोन्ही लक्षात ठेव. एकच लक्षात ठेवू नकोस."

लाचोने मान हलवली. नेवेना शेजारी येऊन उभी राहिली. ती त्याला काही बोलली नाही, पण आत जाताना म्हणाली, "उद्या फलकावर सुहोदोल लिही. पुढं मोठ्या अक्षरांत लिही, बंद. माझ्या डोळ्यांना होईल सवय."

झोराचा एक पाय रुग्णवाहिकेत होता तेव्हा तिला ते सुचलं, आणि सुटलेली भीती पुन्हा पाठीवरून चढत आली.

"लाचो. ती लायब्ररी. आपल्याशिवाय आणखी कोण वापरतं?"

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "कुणीही घेऊ शकतं. पुष्कळ लोक घेतात. चांगली चालते म्हणतात." त्याने वर पाहिलं. चेहरा पांढराफटक पडत गेला. "कधीच कोसळत नाही, म्हणतात."

कुठल्यातरी दुसऱ्या दरीत, दुसऱ्या भिंतीपुढे, या घडीला कुणीतरी हिरवी ओळ वाचून निर्धास्त होत असेल.

"आत जा," झोरा म्हणाली. "दुरुस्त केलेली जगापुढे ठेव. मग सगळ्यांना कळव, काय चुकलं ते, तुझ्या नावाने. झाकू नकोस काही. पळ!"

तो पळाला. शाळेच्या पायरीवर ठेच लागून पडला, उठला, पुन्हा पळाला.